उसाच्या बिलातले बीजगणित

कोल्हापूरहून गारगोटीकडे निघाले की मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे बिद्री लागते. कागल तालुक्यातल्या या गावाचे नाव जिल्हाभर झाले ते साखर कारखान्यामुळे. 'श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना' हे त्याचे कागदावरचे नाव. सभासद, तोडकरी, ट्रॅक्टरवाले मात्र नुसते 'बिद्री' म्हणतात. काळम्मावाडीच्या धरणातून दूधगंगेला आणि पाटगावच्या धरणातून वेदगंगेला पाणी सुटते, त्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांची रांग काट्यापाशी येते. मग गावोगावी एकच विषय निघतो: यंदा दर किती बसणार?

या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत तयार झालेल्या एका वाक्यापासून सुरू होते. केंद्र सरकार दरवर्षी उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेली एफआरपी, जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी त्याचा मथितार्थ असा होता: साखरेचा उतारा १०.२५ टक्के असेल तर उसाला क्विंटलमागे ३४० रुपये. त्याहून वरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागे क्विंटलला ३.३२ रुपये जादा; त्याहून खालच्या प्रत्येक ०.१ टक्क्यामागे तेवढेच कमी. आणि उतारा ९.५ टक्के किंवा त्याखाली गेला, तरी ३१५.१० रुपये मिळणारच.

सातवी-आठवीच्या गणितातले अस्सल शाब्दिक उदाहरण यापेक्षा वेगळे काय असते? शाळेत 'रामच्या वयाची दुप्पट अधिक पाच' अशा वाक्यांवरून बैजिक राशी लिहायला शिकवतात. रामचे वय कुणाला हवे असते, हा प्रश्न मुलांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. उसाच्या दराचे वाक्य मात्र कागल, राधानगरी, भुदरगडमधल्या हजारो घरांत दरवर्षी पैसा घेऊन येते किंवा अडवून धरते. ते वाक्य राशीत उतरवता येणे ही या भागातल्या मुलांची गरज आहे.

उतरवायला सुरुवात करताना पहिले काम अक्षर निवडणे नव्हे, तर ते अक्षर कोणत्या संख्येसाठी आहे हे पक्के करणे. उतारा म्हणजे १०० किलो उसापासून किती किलो साखर निघाली, ती संख्या. तिला 'उ' म्हणू. हा 'उ' म्हणजे ऊस नव्हे. टनाला मिळणारे रुपये म्हणजे 'द'. सरकारी वाक्य क्विंटलमध्ये बोलते आणि शेतकरी टनात, म्हणून आधी सगळे दहाने गुणून घ्यायचे: ३४० चे ३४००, ३.३२ चे ३३.२०. एकके जुळवायची राहून गेली, तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर दहापटीने चुकते.

आता 'त्याहून वरच्या'. या दोन शब्दांत वजाबाकी दडली आहे. जादा पैसे सगळ्या उताऱ्यावर नाहीत, १०.२५ च्या वर जेवढा आहे तेवढ्यावरच आहेत. म्हणून कंस येतो: (उ − १०.२५). पुढे 'प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागे'. त्या फरकात ०.१ चे किती भाग बसतात हे पाहायचे, म्हणजे ०.१ ने भागायचे. ०.१ ने भागणे म्हणजे दहाने गुणणे, म्हणून ३३.२० चे ३३२ होतात. राशी अशी मिळते:

द = ३४०० + ३३२ × (उ − १०.२५)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांचा उतारा १२ टक्क्यांच्या आसपास खेळतो. उदाहरणासाठी १२.२५ घेऊ. फरक २, म्हणून ३४०० + ६६४, म्हणजे टनाला ४०६४ रुपये. जो विद्यार्थी ०.१ ने भागायला विसरेल तो ३४०० + ३३.२० × २ असे लिहील आणि त्याचा दर ३४६६ रुपये ४० पैसे येईल. टनामागे जवळपास सहाशे रुपयांची चूक! कंस विसरून ३३.२० ला थेट १२.२५ ने गुणणारा ३८०६ रुपये ७० पैशांवर पोहोचेल. तिन्ही उत्तरे दिसायला संभवनीय आहेत, ऐकणाऱ्याला तिन्ही खरी वाटतील. म्हणूनच राशी नीट लिहिणे महत्त्वाचे ठरते. नुसत्या अंदाजाने यातली चूक पकडता येत नाही.

इथवरचे काम भाषांतराचे झाले. खरी गंमत कंस सोडवल्यावर येते. ३३२ ला १०.२५ ने गुणले की ३४०३ येतात. ते ३४०० मधून गेले, उरले उणे तीन. म्हणजे

द = ३३२उ − ३

सरकारी वाक्य ऐकताना असे वाटते की एक पायाभूत किंमत आहे आणि तिच्यावर चांगल्या उताऱ्याचे बक्षीस आहे. राशी सांगते की असे काही बक्षीस जवळपास नाहीच. उताऱ्याच्या प्रत्येक एका अंकाला टनामागे ३३२ रुपये, एवढाच हा सरळ हिशेब आहे. तीन रुपयांचा फरक दशांश कापताना राहिलेला. एक टन उसातून उ टक्के उताऱ्याने १०उ किलो साखर निघते. म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी किंमत त्याच्या उसातल्या साखरेच्या किलोमागे सुमारे ३३ रुपये २० पैसे. दर उसाचा म्हणून जाहीर होतो, पण मोजला जातो साखरेवर. हे वाक्यात कुठेच लिहिलेले नाही आणि तरीही वाक्यातच आहे.

हा योगायोग एका वर्षाचा असेल, अशी शंका घेणे बरोबर. २०२३-२४ ला क्विंटलचा दर ३१५ रुपये आणि जादाचा आकडा ३.०७ होता; तिथे द = ३०७उ + ३.२५. पुढे २०२५-२६ साठी ३५५ रुपये आणि ३.४६ ठरले; तिथे द = ३४६उ + ३.५०. तिन्ही वर्षी मागे उरलेला आकडा साडेतीन रुपयांच्या आत. खालच्या टोकाची तपासणीही करता येते. २०२४-२५ च्या राशीत उ च्या जागी ९.५ घातले की ३३२ × ९.५ − ३ = ३१५१ येतात. सरकारने जाहीर केलेले क्विंटलचे ३१५.१० रुपये तंतोतंत तेच. वाक्यातला तिसरा तुकडा वेगळी सवलत म्हणून ऐकू येतो. प्रत्यक्षात तो त्याच रेषेवरचा एक बिंदू आहे आणि त्या बिंदूच्या खाली रेषा आडवी केली आहे, एवढेच.

राशी लिहिताना माणसे नेमकी कुठे अडखळतात यावर गंभीर अभ्यास झाला आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले जॉन क्लेमंट आणि त्यांचे सहकारी जॅक लॉकहेड व जॉर्ज मंक यांनी १९८१ साली एक लेख प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना त्यांनी एक साधे वाक्य समीकरणात लिहायला दिले होते: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. ३७ टक्के चुकले. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ६ वि = प्रा असे उलटे लिहिले होते. ही मुले गणितात कच्ची नव्हती, कलनशास्त्र शिकत होती.

बिद्रीच्या काट्यासमोर उभे राहिले की हेच उदाहरण डोळ्यांपुढे येते. बहुतेक ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरांची संख्या न आणि ट्रॉल्यांची म मानली, तर समीकरण कोणते? पुष्कळ मुले पटकन २म = न लिहितात. त्यांच्या डोक्यात चित्र अगदी बरोबर असते: दोन ट्रॉल्या, एक ट्रॅक्टर. पण त्यांनी अक्षरांना वस्तूंची नावे मानलेले असते, 'दोन ट्रॉल्या म्हणजे एक ट्रॅक्टर' अशा अर्थी. अक्षर संख्येचे आहे हे एकदा ठसले की तपासणी सोपी. दहा ट्रॅक्टर असतील तर ट्रॉल्या वीस. २म = न मध्ये घातले तर ४० = १०. खोटे. म = २न मध्ये घातले तर २० = २०. शिक्षकांनी फळ्यावर उत्तर पुसून बरोबर उत्तर लिहिण्यापेक्षा मुलांना ही आकडे घालून पाहण्याची सवय लावली तर ती आयुष्यभर पुरते.

अज्ञात संख्येला नाव देऊन तिच्याशी व्यवहार करण्याची रीत या मातीत जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, लीलावती ११५० ची. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जितके असेल तितके'. दुसरे अज्ञात आले की रंग सुरू होतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिले अक्षर, या, का, नी. ज्ञात संख्येसाठी 'रू', म्हणजे रूप. वजा दाखवायला अंकावर टिंब. भास्कराचार्यांच्या पद्धतीने लिहायचे तर ३३२उ − ३ ही राशी 'या ३३२ रू ३' अशी दिसली असती, शेवटच्या तिनावर टिंब देऊन. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी दान दिल्याची त्यात नोंद आहे. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

लीलावतीतले भुंग्यांचे कोडे प्रसिद्ध आहे. थव्याचा पाचवा भाग एका झाडावर, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर आणि एक भुंगा नुसता हवेत. एकूण भुंगे किती? उत्तर पंधरा: तीन, पाच, सहा आणि एक. यात मोल उत्तराचे नाही, 'फरकाची तिप्पट' या शब्दांचे आहे. आधी फरक, मग तिप्पट, म्हणजे कंस. उसाच्या वाक्यातही हेच घडले होते: आधी १०.२५ पासूनचे अंतर, मग ३३२ पट. साडेआठशेहून अधिक वर्षांत शाब्दिक उदाहरणांतल्या कठीण जागेचा पत्ता बदललेला नाही.

भास्कराचार्यांच्या पद्धतीत एक गोष्ट नव्हती. अक्षरे फक्त अज्ञातासाठी होती. ज्ञात संख्या अंकांतच लिहायच्या. फ्रान्सुआ व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने १५९१ मध्ये ज्ञात संख्यांनाही अक्षरे दिली, आणि त्यानंतर एका उदाहरणाची राशी संपूर्ण घराण्याची राशी बनू शकली. उसात याचा अर्थ सोपा आहे. दरवर्षी बदलणारी पायाभूत किंमत 'प', दर अंकाचा दर 'क', पायाभूत उतारा 'म'. मग द = प + क(उ − म). २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जुन्या किमान वैधानिक किमतीच्या जागी एफआरपी आली. त्यानंतरच्या वर्षांत प आणि क वाढत गेले, म एकेकाळी १० होता तो १०.२५ झाला, राशीचा सांगाडा तोच राहिला. ज्याला हा सांगाडा ठाऊक आहे, त्याला दरवर्षीच्या घोषणेत काय बदलले आणि काय नाही, हे लगेच दिसते. म दहावरून १०.२५ झाला, ही बातमी छोटी वाटते. पण त्याच किमतीसाठी आता पाव टक्का जास्त उतारा द्यावा लागतो.

टक्क्यांच्या भाषेत आणखी एक खाच आहे. उतारा १०.२५ वरून १२.२५ झाला, तर तो 'दोन टक्क्यांनी' वाढला की 'साडेएकोणीस टक्क्यांनी'? दोन्ही म्हणता येते. पहिली वजाबाकी आहे, १२.२५ − १०.२५. दुसरा भागाकार आहे, २ ÷ १०.२५. एफआरपीच्या वाक्यातला ०.१ टक्का पहिल्या प्रकारचा आहे. 'एफआरपीत इतक्या टक्क्यांची वाढ' अशा बातमीतला टक्का दुसऱ्या प्रकारचा. एकाच शब्दाला दोन राशी, आणि वर्गात हा फरक क्वचितच उघडून दाखवला जातो.

मग खुद्द 'उ' बद्दलचा वाद. वर म्हटले की उतारा म्हणजे १०० किलो उसातली साखर. पण कोणत्या हंगामातली? मागच्या हंगामाचा उतारा धरला, तर ऊस तुटतो त्या दिवशी दर माहीत असतो. चालू हंगामाचा धरला, तर गाळप संपेपर्यंत 'उ' कुणालाच माहीत नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली: पहिला हप्ता ठरावीक पायाभूत उताऱ्यावर, आणि उरलेला हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उतारा निघाला की. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी हे याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. तीन वर्षांच्या या लढ्यात राशीचा आकार कुणी वादात ओढला नाही. भांडण 'उ' म्हणजे काय आणि तो कधी ठरतो, एवढ्यावरच होते. शाळेत 'समजा अमुक म्हणजे' या पहिल्या ओळीला एखादाच गुण असतो; बाहेर तिच्यावरून शेतकरी संघटना रस्त्यावर उतरतात.

हातात पडणारी रक्कम अजून वेगळी असते. तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो, त्याचा खर्च दरातून वजा होतो. टनामागचा हा खर्च 'त' आणि टन 'ट' असतील तर बिल = ट × (३३२उ − ३ − त). उताऱ्याचे ४०६४ तसेच धरून उदाहरणापुरते त = ९०० घेतले, तर टनाला ३१६४, आणि ४० टन उसाचे १,२६,५६० रुपये. इथेही कंस कुठे पडतो त्यावर सगळे आहे: त प्रत्येक टनातून जातो, एकूण बिलातून एकदाच नव्हे.

पैसे १४ दिवसांत द्यायचे, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उशीर झाला तर त्यापुढच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज. हे वाक्य पुन्हा 'पुढच्या' या शब्दावर फिरते. ऊस घातल्यापासून ४४ दिवसांनी बिल मिळाले तर व्याजाचे दिवस ४४ − १४, म्हणजे ३०. वरच्या रकमेवर सुमारे १,५६० रुपये. १४ वजा करायचे विसरले तर २,२८८ रुपये येतात, आणि शेतकरी चुकीच्या आकड्यावर भांडत बसतो. बरोबर आकडा हाती असलेल्या माणसाचे भांडण वेगळ्या जोराचे असते.

दहावीपर्यंत सर्वांना गणित सक्तीचे असावे, ही शिफारस १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने केली. दौलतसिंह कोठारी त्याचे अध्यक्ष होते आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा असलेले. ग्रामीण मुलांचे शिक्षण त्यांच्या गावच्या जगण्याला धरून असावे, हा मौनी विद्यापीठामागचा आग्रह होता. बिद्रीचा रस्ता गारगोटीलाच जातो. या पट्ट्यातल्या शाळांत सातवीच्या वर्गात पंधरवड्याचे ऊस बिल फळ्यावर यायला हवे, आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलायचीही गरज नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक प्रश्न आहे. डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवले की कारखान्याच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा वाटा ठरवून द्यावा: साखर, बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड धरून ७० टक्के, किंवा फक्त साखर धरून ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यावर कायदाही केला. यातला फक्त साखरेचा हिशेब घेऊ. साखरेचा कारखान्यावरचा भाव किलोला 'स' रुपये असेल, तर एका टन उसाची साखर १०उ किलो, तिची किंमत १०उस, आणि शेतकऱ्याचा ७५ टक्के वाटा ७.५उस. हा वाटा एफआरपीच्या पुढे कधी जाईल? जेव्हा ७.५उस हे ३३२उ − ३ पेक्षा जास्त होईल तेव्हा. किरकोळ तीन रुपये बाजूला ठेवले तर दोन्ही बाजूंचा उ निघून जातो आणि राहते ते एवढेच: स ४४ रुपये २५ पैशांच्या आसपास असायला हवा. कारखान्याचा उतारा ११ असो वा १२.२५, भाव तोच लागतो. सरकारने साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केली होती आणि २०२४-२५ च्या हंगामातही ती तेवढीच होती. ४४ आणि ३१ मधले अंतर पाहिले की साखरेच्या वाट्याची चर्चा होऊनही शेतकऱ्याच्या बिलावर एफआरपीच का उरते, ते समजते. २०२५-२६ चे आकडे घातले तर हा भाव ४६ रुपयांच्या वर जातो.

उतारा ९.५ च्या खाली असलेल्या कारखान्यांसाठी मात्र उ निघून जात नाही, कारण तिथे एफआरपीची रेषा आडवी झालेली असते. २०२४-२५ मध्ये उतारा ९ असता, तर ३१५१ ला ६७.५ ने भागून तो भाव ४६ रुपये ६८ पैसे येतो, आणि उतारा जसजसा खाली जाईल तसतसा तो वर चढत जातो.